हुंकाराविना प्रवचन

इस्त्रीच्या दुकानातल्या बाईला सगळी गल्ली 'भोंगा' म्हणायची. तोंडावर नाही म्हणायची, पण तिला ठाऊक होतं, कारण हे नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या भावानं. "ताई कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात," असं तो म्हणे, आणि त्यात अतिशयोक्ती फार नव्हती. देव एखाद्याला काही देताना हात जरा सैल सोडतो. हिला गळा देताना त्यानं सैल सोडला होता.

आज त्या गळ्याला कुलूप लावायचं होतं.

"आई, शपथ घे," कॉलेजच्या पायऱ्यांवरच लेक अडून बसली. "हूं नाही की चूं नाही."

"घरी घेतली ना एकदा!"

"घरची घरी राहिली. इथं घे. कुणी रंगात येऊन बोलायला लागलं की तुझी मान डोलते, मान डोलली की तोंड उघडतं. तुझं ते 'अहाहा' आणि 'खरंय रे बाबा' आज नको."

"आणि खोकला आला तर?"

"गिळ."

आईनं शपथ घेतली. लेकीचं घोडं आज गंगेत न्हायचं होतं, त्यात आपला पाय मध्ये नको, हे तिलाही कळत होतं.

लेकीनं कॉलेजात विषय घेतला होता आफ्रिकेचा: तिथल्या लोकांचा, आणि तिथून उचलून जगभर नेलेल्यांच्या लेकरानातवंडांचा इतिहास, त्यांच्या कथा-कविता, त्यांचं गाणं. ऐकून मामानं कपाळाला हात लावला होता. "याचं दुकान कुठं टाकतात म्हणे?" आईलाही आधी काही उमगलं नव्हतं. पण लेक दुकानात स्टुलावर बसून वाचलेलं सांगू लागली आणि आईचा हात इस्त्रीवर थबकू लागला. जहाजांच्या पोटात साखळ्यांनी जखडून नेलेली माणसं. मुलूख गेला, नावं गेली, आईची भाषा जिभेवरून खरवडून काढली. कित्येक ठिकाणी ढोलावर बंदी घातली, तर त्यांनी टाळ्यांचा ढोल केला, मांड्यांचा केला, टाच आपटून भुईचा केला. काही ठिकाणी अक्षर शिकणं गुन्हा ठरवलं, तर देवाच्या गोष्टी त्यांनी गळ्यात साठवल्या.

"काय छातीची माणसं गं ही!" आई म्हणाली, आणि तेवढ्यात एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही करपली.

मग लेकीनं ते रेकॉर्डिंग आणलं. दूरच्या एका किनाऱ्यावरच्या कोळ्याचं प्रवचन, जुन्या फितीवरचं. आठवडाभर जाळं ओढायचं आणि सुट्टीच्या दिवशी लोकांपुढं उभं राहायचं, असा तो माणूस. आरंभी साधं बोलायचा, घसा खरवडत, कुणाची तरी थट्टा करत. मग बोलणं कधी झुलू लागलं आणि कधी गाणं झालं ते कळायचंच नाही. आईचा जीव अशा गाऊन सांगितलेल्या प्रवचनांवर आधीपासूनच जडलेला. देव कुठल्या नावाचा हे तिनं कधी विचारलं नाही, सांगणाऱ्याला गहिवर येतो का एवढंच पाहिलं. शब्द लेकीनं समजावले. सूर समजावायची गरज पडली नाही. समुद्र दुभंगला आणि गुलाम पार गेले, ती बायबलातली कथा. त्यात कोळी समुद्राशीच भांडत होता: तूच आम्हाला इथं आणलंस, आता तूच वाट दे. आणि त्याच्या प्रत्येक ओळीमागं बायाबापडे गरजत, "वाट दे!" आई इस्त्री करता करता त्यांच्यात मिसळून जायची. इस्त्री पुढं, "वाट दे!" इस्त्री मागं, "वाट दे!"

पुढं लेकीनं ते संगणकावर घेऊन बरंच काही केलं. एके दिवशी खुशीत म्हणाली, "सगळा गलका काढून टाकला, आई. आता नुसता त्याचा आवाज. निवडलेल्या तांदळासारखा." आईला ते जरा ओकंबोकं वाटलं, पण तिनं पुढचा शर्ट ओढला. शिकलेली ती, तिला कळतं.

या विभागाची शेवटची परीक्षा तोंडी असे. त्यांच्या मॅडमचं म्हणणं होतं, "जे तोंडातोंडी समुद्र ओलांडून आलं, ते कागदावर लिहून काय दाखवता? लोकांसमोर उभं करा." यंदा तर त्याच किनाऱ्यावरच्या एक वृद्ध बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. इथं बरीच वर्षं शिकवून त्यांची भाषा आपल्यासारखीच झाली होती. तिकडच्या म्हाताऱ्या प्रवचनकारांचे आवाज जमवायला त्या एकाच विद्यार्थ्याला वर्षभर सोबत नेणार होत्या. लेकीनं वर्षभर त्या एका जागेचाच ध्यास घेतला होता.

वर्ग साधाच होता. घड्या घालायच्या खुर्च्या, एक करकरणारा पंखा, खिडकीत कुणाचीतरी विसरलेली छत्री. आई मागच्या भिंतीला टेकून बसली आणि तिनं रुमालाची गुंडाळी हाताशी ठेवली.

लेक उभी राहिली. पाठांतर चोख. कोळी जिथं थांबला होता तिथं ती थांबत होती, जिथं चढला होता तिथं चढत होती.

"समुद्रा, तुझ्या पाठीवरून आम्हाला आणलं..."

थांबली. पंखा करकरला.

"समुद्रा, तुझ्या पोटात आमची भावंडं राहिली..."

पुन्हा पंखा. पुढच्या रांगेत कुणीतरी चुळबुळलं. मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. पाहुण्या बाई मान किंचित तिरकी करून कसलीतरी वाट पाहत होत्या. लेकीचा आवाज चढायचा आणि रिकाम्या विहिरीत घागर आपटावी तसा आपटायचा. दोन ओळींमधली ती जागा आईला खड्ड्यासारखी दिसायला लागली. तिनं रुमाल तोंडात कोंबला.

लेकीची जीभ अडखळली. ओळ विसरली. घाम पुसून तिनं थेट मागं, आईकडं पाहिलं.

आई भिंतीपासून सरकून पुढं आली. ही नजर काय सांगतेय? शपथ आठव म्हणतेय, की धाव म्हणतेय? देवा, लेकीची एकुलती एक जागा, आणि माझा मेला हा गळा!

"समुद्रा..." लेकीनं कशीबशी सुरुवात केली. "आता तूच..."

रुमाल बाहेर पडला.

"वाट दे!"

तावदानं थरथरली. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. आई लाजेनं अर्धी झाली, आणि तेवढ्यात पुढून एक जीर्ण, किरटा आवाज आला: "वाट दे!" पाहुण्या बाई. त्यांची टाच भुईवर पडली होती. मग मॅडम, मग पोरंपोरी, कुणी खुर्चीवर थापा मारत. लेक क्षणभर गोंधळली, आणि मग पुढच्या ओळीला जी चढली ती उतरलीच नाही. विसरलेले शब्द आपणहून येऊ लागले. काही तर कोळ्यानं म्हटलेलेही नव्हते.

संपल्यावर पाहुण्या बाईंनी तिला जवळ बोलावलं. "छान. पण तू एकट्याचंच प्रवचन उतरवलंयस. बाकीचे कुठं गेले?"

"मी... गलका म्हणून काढला."

"मूळ फीत?"

"जपून ठेवलीय."

"लाव."

पाहुण्या बाई त्या कोळ्याच्या शेजारगावच्याच होत्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. गर्दीतून एक बाई सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी ओरडत होती, फाटक्या, दणदणीत आवाजात. पाहुण्या बाईंनी बोट उचललं. "ही. ही माझी आई. तिचा आवाज कुठं उरला असेल असं वाटलं नव्हतं." तेवढाच तुकडा त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "आधी हे सगळे परत आण. एकूण एक. मग सामान बांध."

वाटेत आई उड्या मारायचीच बाकी होती. "तरी मी म्हटलं, पोर नजरेनं हाक मारतेय! म्हणून तर तोंड उघडलं."

लेक थांबली. "हाक? आई, तुझ्या तोंडातून रुमालाचं टोक लोंबत होतं. मी डोळ्यांनी सांगत होते, 'मेहेरबानी कर, गप्प बस!'"

आई दोन पावलं चालली. मग जी हसली, की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून बसलं.

"ओरडू नकोस," लेक म्हणाली, आणि तिचा हात धरला. "ते 'वाट दे' पुन्हा म्हण बरं एकदा. तिथल्या बायकांना ऐकवायला रेकॉर्ड करून घेते."