मध्यम किमतीची दुर्बीण

त्या साली थंडी अशी पडली होती की घड्याळाचे काटेसुद्धा ऊब मिळावी म्हणून एकमेकांना बिलगून बसायचे, आणि दिवसभर बाराच वाजलेले असायचे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल निम्मी थंडी वजा करावी. उरलेली निम्मी या गोष्टीला पुरेल.

अशा थंडीत, डोंगराच्या पायथ्याशी, रोपवेच्या खालच्या ठाण्यात पाळणेवाला लिव्हरवर हात ठेवून उभा होता. तारेवरून वरखाली जाणाऱ्या डब्याला सगळे पाळणा म्हणत, म्हणून तो पाळणेवाला. वरच्या वस्तीत त्याची मुलगी ठकी दिली होती, दिवस भरले होते. सकाळी वरच्या ठाण्यावरून साडूचा फोन आला. हा साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा; बारा महिने ढगात राहतो म्हणून ढगोबा.

"ठकीला कळा सुरू झाल्यात. पाळण्यात बसवून पाठवतो. तू—"

एवढ्यात बर्फाच्या ओझ्याने फोनची तार तुटली. 'तू'च्या पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यायचं होतं.

फोन बंद पडला की खुणेवर काम. इंजिन खाली आणि माणसं वर, त्यामुळे वरच्याने खूण केल्याशिवाय खालच्याने लिव्हर ओढायचा नाही. पूर्वी यासाठी झेंडे होते, पण थंडीत ते फळीसारखे ताठ व्हायचे, हलवले तरी हलायचे नाहीत. म्हणून दोघा साडवांनी हातांच्या खुणा ठरवल्या. दोन्ही हात सरळ वर म्हणजे 'दार लागलं, ओढ'. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे म्हणजे 'थांब'. ठरवलं ते भर उन्हाळ्यात, लख्ख उजेडात. तेव्हा दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक दिसला होता.

मागे एकदा पाळणेवाल्याने खूण नीट न बघता पाळणा ओढला. दार उघडंच होतं. आतलं कपाट दरीत गेलं. कपाट होतं, म्हणून लोक हसले.

त्यानंतर त्याने दुर्बीण घेतली. दुकानदाराने तीन मांडल्या होत्या. स्वस्त घ्यायला जीव धजेना, महाग घ्यायला खिसा धजेना, म्हणून मधली उचलली. "पाऊस, धूळ, थंडी, कशाला दाद देणार नाही," दुकानदार म्हणाला होता. आज ती थंडी सोडून पाळणेवाल्यालाच दाद देत नव्हती.

"दिसतंय का काही?" मागून बायकोने विचारलं. ती दवाखान्याची गाडी बोलावून, दुपटी-गोधड्या गाडीत भरून केव्हाची येऊन उभी होती.

"थांब गं जरा."

"मी थांबते हो. कळा थांबतात का ते विचारा."

पाळणेवाल्याने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. सकाळपासून त्याने तिला तान्ह्या लेकरासारखं कोटाच्या आत, पोटाशी धरून ठेवलं होतं. गारठू नये म्हणून. तिथेच घात झाला. अंगाची वाफ आत शिरली, आणि बाहेर काढताच डाव्या नळीत आतून धुकं धरलं. त्याने रुमालाने पुसलं, बाहीने पुसलं, शेवटी बायकोच्या पदरानेही पुसलं. आतलं धुकं बाहेरून पुसून जातंय थोडंच!

उजवी नळी स्वच्छ होती. पण मधलं चाक, जे फिरवून लांबचं-जवळचं जुळवायचं, ते आतल्या ग्रीससकट थिजून दगड झालं होतं. अंगणातल्या खांबावरच्या चिमणीचं पीस न् पीस दिसत होतं. तिला सर्दी झालीय हेही सांगता आलं असतं. डोंगर मात्र नुसता दह्यासारखा. त्या दह्यात एक तांबडा ठिपका, ती ढगोबाची टोपी. आणि टोपीच्या वर काहीतरी काळपट.

"हात वर आहेत," तो म्हणाला.

"बघू." बायकोने दुर्बीण ओढून घेतली. "हो की! वरच आहेत. ओढा मग, वाट कसली बघताय?"

त्याने लिव्हर मुठीत धरला. हात वर होते हे खरं. पण फुली करतानाही हात वरच असतात. त्याच्या डोळ्यांपुढून ते कपाट गेलं, गिरक्या घेत.

"अहो, ओढा ना! पोर तिकडे तळमळतेय!"

"सरळ आहेत का फुली आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे पोर आत बसलीय, का एक पाय आत अन् एक बाहेर आहे?"

बायकोचा चेहरा चुन्यासारखा झाला. तिने पुन्हा दुर्बिणीत पाहिलं, डोळे बारीक केले, मोठे केले. "चाक फिरवा."

"फिरत असतं तर?"

"मग कडी फिरवा. उजव्या डोळ्याची."

उजव्या भिंगाभोवती एक बारीक कडी होती. ज्याच्या त्याच्या नजरेनुसार ती एकदाच बसवायची, असं दुकानदाराने बजावलं होतं. पण बायको रोज सकाळी वरच्या वस्तीत ठकीच्या दारातलं वाळत घातलेलं धुणं बघायची, आणि दरवेळी ती कडी फिरवून ठेवायची. मग पाळणेवाल्याला काही दिसायचं नाही. वैतागून एक दिवस त्याने कडीवर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. "आता फिरव!" असंही म्हणाला होता. त्या दिवसापासून तिने दुर्बिणीला हात लावला नव्हता.

"कडीने काय होणार? लांबचं चाकानेच लागतं," तो पुटपुटला.

"मी चाकाला कधी हातच लावला नाही. मला ठाऊकच नव्हतं ते कशाला असतं. कडीनेच लागायचं मला."

तिने केसातला आकडा काढला. पट्टी थंडीने काचेसारखी झाली होती. आकडा घुसवताच कडाकडा मोडून पडली. तिने कडी तळहातात धरली, दात-ओठ खाल्ले. कडी कुरकुरली, आणि केसभर सरकली. मग आणखी. तिने श्वास रोखून उजवा डोळा लावला.



"अगं, बोल ना!"

"फुली आहे," ती म्हणाली. "लिव्हर सोडा. फुली आहे हो. दार उघडंय. ठकी दारातच वाकलीय, कठड्याला धरून. कळ आली असेल."

पाळणेवाल्याने दोन्ही हात लिव्हरवरून उचलले आणि पाठीमागे बांधले, जणू ते आपण होऊन काही करतील. "मला बघू दे."

"नाही. कडी माझ्या डोळ्याला बसलीय. तुम्हाला दहीच दिसेल."

खरंच होतं. तो नुसता तिच्या गालाकडे बघत राहिला. काय दिसेल ते आता त्या गालावरच दिसणार होतं.

"उठली. आत गेली. दार ओढतायत... अडकलं... लागलं! एक हात सरळ झाला."

"एकच?"

"एकच."

एका हाताची खूण काही ठरलेली नव्हती. "ओढू का?"

"थांबा!"

"मघाशी तूच—"

"मघाशी दिसत नव्हतं! थांबा म्हणते ना. हां... दुसराही वर. दोन्ही सरळ. ओढा!"

तार करकरली. पाळणा सुटला. पाळणेवाला आयुष्यात इतक्या हळू, इतक्या जपून कुणाला खाली घेऊन आला नसेल. बायको मध्येमध्ये सांगत होती, "बसलीय... बसलीय..." आणि प्रत्येक 'बसलीय'ला तो एकदा श्वास घेत होता.

पाळणा टेकला. दार उघडून ठकी उतरली, घामाघूम आणि पांढरीफटक. आईचा खांदा घट्ट धरून म्हणाली, "काकांचा एक हात फुलीतच गोठला होता. मावशीने किटलीतलं गरम पाणी ओतलं तेव्हा सरळ झाला." मग तिला पुन्हा कळ आली. ती सरल्यावर म्हणाली, "बाबा, बरं झालं तुम्हाला एवढ्या लांबून दिसलं."

पाळणेवाल्याने पाळण्याचं दार लावलं. मग म्हणाला, "तुझ्या आईला दिसलं."

दोघींना गाडीत बसवून तो परत आला. पुन्हा वाफ धरू नये म्हणून उन्हाळ्यापर्यंत तरी दुर्बीण बाहेरच्या खिळ्यावर टांगायची, त्याने ठरवलं. टांगता टांगता त्याने उजव्या नळीतून एकदा डोंगराकडे पाहिलं. दही. त्याने कडीला बोट लावलं, आणि न फिरवताच काढून घेतलं.