छबूबाईचा पार्ट

तिसगावच्या गणपतीपुढं एकाहत्तर साली नाटक व्हायची चिन्हं नव्हती. नायक कोणी व्हायचं यावरून दोघांत जुंपली आणि दोघंही रुसून घरी बसले. मग शाळेतल्या मच्छिंद्र गुरुजींनी तोड काढली. ते सुट्टीत पुण्याला जाऊन एकपात्री प्रयोग पाहून आले होते. एकच माणूस, सगळी पात्रं त्यानंच करायची. मंडळाचा अध्यक्ष बन्सी याला ते लवकर पचेना. एकटाच असल्यावर भांडायचं कुणाशी, असं त्यानं विचारलं. पण एका माणसात रुसवेफुगवेही कमी होतील हे ध्यानात आल्यावर तो राजी झाला.

माणूसही आयता सापडला. सहादेव शिंपी पन्नाशीला आलेला, पण तरुणपणी गावच्या नाटकांत बायकांची कामं त्यानंच गाजवलेली. त्याची बायको छबूबाई दीड वर्षापूर्वी तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून तो मशिनीवर बसून एकटाच पुटपुटत असे, मधेच थांबून जणू उत्तर ऐकत असे. गुरुजी म्हणाले, सहादेव रोज एकपात्रीच करतोय, त्याला फक्त स्टेज द्यायचं बाकी आहे.

सहादेवानं आधी नको म्हटलं. मग छबूचं नाव चार माणसांत निघेल या विचारानं त्याला बरं वाटलं आणि तो तयार झाला.

लिहिलं मात्र गुरुजींनी. नाव ठेवलं ‘विरहाश्रू’. त्यातला नवरा बायकोला ‘प्राणसखी’ म्हणायचा आणि बायको त्याला ‘नाथ’. सहादेवानं दबकत सांगून पाहिलं, की आमच्यात असं बोलणं नव्हतं. गुरुजींनी समजावलं की हे वाङ्मय आहे, आणि वाङ्मयात असंच बोलतात. सहादेवाचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यानं कापडं शिवता शिवता सगळं पाठ केलं. ‘मृत्युशय्या’ हा शब्द त्याच्या जिभेवर बसायला चार दिवस लागले.

विजेचा भरवसा नसल्यानं प्रयोग दुपारी चारला लावला. मारुतीच्या पारापुढं मांडव गच्च भरला. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बाया. पडद्याआड गुरुजी वही घेऊन बसले होते. सहादेवानं फटीतून पाहिलं, तर बायांत अगदी पुढं त्याची थोरली मेहुणी बनुबाई बसलेली. ती सोनईला दिलेली. छबूच्या दहाव्यानंतर ती एकदाही त्याच्या घरी आली नव्हती. आता बहिणीचं नाटक लागलंय असं ऐकून आली होती.

पडदा सरकला. सहादेवानं हात पसरून आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाला, “प्राणसखी, तुझा तो मंजुळ स्वर आता कुठं ऐकू?”

बायांत खसखस पिकली. छबूबाईनं बाजारात भाजीचा भाव विचारला तर तो वेशीबाहेर ऐकू जायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सहादेवानं तिकडं लक्ष दिलं नाही. पदर घेतल्यासारखं खांद्यावर उपरणं ओढून तो बायको झाला आणि बारीक आवाजात म्हणाला, “नाथ, थकलात ना? पाय चेपू का?”

बनुबाई उभी राहिली.

“दाजी, आमची छबू कवा नाथ म्हनली?” तिनं विचारलं. “ती ‘ऐकलं का’ म्हनायची, आन ते बी चार घरं ऐकायची.”

मांडव हसून लोटपोट झाला. गुरुजी पडद्याआडून पुढचं वाक्य सांगू लागले. सहादेवानं ते म्हटलं, तर मागून एक म्हातारी बोलली, की पाय कसले चेपतीय, एकदा बंडीची बाही उलटी लावली म्हणून तिनं याला दिवसभर दुकानाबाहेर उभं केलं होतं. पुरुषांतून कुणीतरी साक्ष दिली, बंडी माझीच होती. बन्सी उठून सगळ्यांना सांगू लागला, की हे एकपात्री आहे, बाकीच्यांनी गप बसायचं असतं. कुणी गप बसेना.

सहादेव घामानं भिजला. तरी वाक्यामागून वाक्य म्हणत तो कसाबसा शेवटाला आला. मृत्युशय्येवरची छबू झाला, बाकावर आडवा पडला, डोळे मिटले. गुरुजींनी कुजबुजत आठवण करून दिली, “पुढच्या जन्मीही तुमचीच.”

गुरुजींनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा तर पहिल्या चार ओळींना ऐकू जाईल असं सांगितलं.

तेव्हा बनुबाईच बोलली, आता हळू. “दाजी, ते ऱ्हाऊ द्या. मरताना ती काय म्हनली ते सांगा. माझी यष्टी चुकली, मी पोचले न्हाई. दीड वरीस झालं, इचारायचा धीर झाला न्हाई.”

सहादेव उठला आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला.

“आक्का,” तो म्हणाला, “तिनं चहा मागितला. मी जन्मात केला नव्हता, पर केला. एक घोट घेतला आन माझ्याकडं असं बघितलं...” त्यानं भुवया चढवल्या, ओठ मुडपला. क्षणभर तिथं छबूबाईच बसली होती. “म्हनली, ‘साकर कुठंय? हे मीठ हाय. माझ्या मागं तुमी असलं पिऊन जगनार व्हय?’ म्या म्हटलं, दुसरा करतो. तर म्हनली, ‘नगं, ह्योच द्या.’ आन सगळा पिली. कप खाली ठेवला, कुशीवर वळली. मला वाटलं झोपली.”

बनुबाईला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडू लागली. तिच्यामागं बायांचा अर्धा घोळका तसाच, पदर तोंडाला लावून. सहादेवही हसता हसता रडत होता, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

मग गुरुजींची वही कामाची राहिली नाही. बाया एकेक आठवण काढत आणि सहादेव ती करून दाखवी: छबूबाई दळणावरून भांडताना, छबूबाई कीर्तनात डुलक्या घेताना. आवाज तिचाच, वेशीपर्यंत जाणारा. दिवेलागणीपर्यंत कुणी उठलं नाही.

गुरुजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वही घेऊन दुकानात आले आणि ते चहाचं पुन्हा सांग म्हणाले, लिहून घेतो.

पुढं पाथर्डीच्या मंडळानं बोलावलं. बनुबाई सोनईहून मुद्दाम आली. तिच्या मते दाजी अजून छबूला फार गरीब करत होते. यष्टीत ती सहादेवाच्या शेजारच्या बाकावर बसली आणि मोठ्यानं म्हणा, आणखी मोठ्यानं म्हणा, असं वाटभर बजावत राहिली, तसतसा सहादेवाचा छबूच्या आवाजातला पार्ट चढत गेला. मधल्या एका थांब्यावर कंडक्टर मागं आला. कोण बाई भांडतेय म्हणून त्यानं चौकशी केली. बनुबाईनं सांगितलं, “माझी बहीन.”