खुर्चीएवढा मतदारसंघ

मंगळवारी आमचा मतदारसंघ आखडत आमच्या फाटकापर्यंत आला, आणि आजवर त्यातून निवडून गेलेले सगळे खासदार माझ्या घरी राहायला आले.

मी डिंकाचे लाडू वळत होते. रस्त्यापलीकडे समोरच्याच घरात माझी लेक ऋजुता राहते आणि तिचे दिवस भरत आले होते. दार वाजलं म्हणून तुपाच्या हातांनीच उघडलं, तर पायरीपासून फाटकापर्यंत पुरुषांची रांग. प्रत्येकाच्या छातीवर फितीचं फूल. सगळ्यांत पुढे केसांचा पांढरा टोप घातलेले एक म्हातारे गृहस्थ.

"सर अँब्रोज," ते म्हणाले. "इथला पहिला खासदार. बूट पुसून आत येऊ ना?"

"पुसा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इंग्लंडात सगळा जन्म गेला, पण दारात आलेल्याला हाकलणं मला मेलं अजून जमत नाही.

फाटकाबाहेर हद्दीच्या ऑफिसातली बाई चाकांचं यंत्र ढकलत पांढरी रेघ ओढत होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"शेजारच्या मतदारसंघात माणसं कमी पडतात, मिसेस तावडे. तुमच्यातली थोडी तिकडे दिली."

"थोडी? अहो, अख्खं गाव दिलंत की!"

"गाव देता येतं. इतिहास देता येत नाही, तो नावाबरोबर राहतो. आणि रेघेच्या आत आलेलं माणूस आतलंच धरलं जाईल, एवढं लक्षात ठेवा." तिनं यंत्र झटकलं आणि गेली.

मी लाडवांचा डबा घेऊन लेकीकडे निघाले. पाय उचलून रेघेपलीकडे टाकला, तो अलीकडेच पडला. पुन्हा टाकला, पुन्हा अलीकडे. डबा ठेवला तो मात्र सरळ पलीकडे गेला. ऋजुता पोट सांभाळत रस्ता ओलांडून आली आणि डबा उचलून घेतला.

"आत येऊ नकोस गं," मी ओरडले. "मी येते तुझ्याकडे. वेळेला येतेच."

"नक्की ना, आई?"

"म्हणजे काय! पहिलटकरणीला आईनं सोडायचं असतं का?"

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कापडगिरणीचा मालक असलेला एक खासदार अंघोळीच्या टबात झोपला होता. एका मतानं निवडून आलेला दुसरा जिन्यावर बसून, मी वरखाली करताना मला प्रत्येक वेळी विचारायचा, "ते एक मत तुमचंच ना?" तो निवडून आला तेव्हा माझ्या पणजीचं लग्न झालं नव्हतं. सर अँब्रोज सांगत, त्यांच्या वेळी मतदारसंघ थेट समुद्राला जाऊन भिडत होता, आणि मतदार सगळे त्यांचे मेहुणेच होते. मी खरोखर मत दिलेला त्यांत एकच, हॉलक्रॉफ्ट. आमचा बंद पडलेला बस-स्टॉप परत आणीन म्हणाला होता. आता तो माझी नजर चुकवत कपबशा विसळायचा.

गुरुवारी रेघ घरात शिरली. जेवणाच्या टेबलावरून, मिठाच्या बरणीला वळसा घालून गेली. आमचे हे पेपर वाचत पलीकडच्या बाजूला बसले होते.

"अहो, इकडे सरका की!"

त्यांनी पायाजवळ पाहिलं. "मी शेजारच्यात गेलो वाटतं," ते म्हणाले. पेपराची घडी घातली आणि ऋजुताकडे निघून गेले. चपलासुद्धा घातल्या नाहीत. एवढ्या वर्षांचा संसार, आणि माणूस घडी घालून चालायला लागतो! मी सगळ्या खासदारांसमोर हमसून हमसून रडले. सर अँब्रोजनी डोळे पुसायला आपली लेसची बाही पुढे केली.

हद्दवाली बाई टेबलाखालून निघाली तेव्हा मी तिचं यंत्रच धरलं. "माझी सुटका कधी?"

"मतदारसंघाचं नाव आहे तोवर आत एक जिवंत माणूस लागतं. दुसरं कुणी आत आलं की तुम्ही मोकळ्या."

"दुसरं म्हणजे कोण?"

"कुणीही. वय बघत नाही आम्ही."

माझ्या पाठीमागे सगळ्यांचे चमचे ढवळायचे थांबले.

शनिवारी मतदारसंघ खिडकीतल्या माझ्या खुर्चीएवढा झाला. मी खुर्चीत, आणि बाकी सगळे खुर्चीमागे, एकमेकांत घुसून. ओल्या लोकरीचा वास, मानेवर श्वास. समोर ऋजुताकडे सुईण आली. पडदे ओढले गेले. मग ऋजुतानं "आई गं" म्हणून मारलेली हाक मला काचेतून ऐकू आली. मी उठले. पाय टाकला, खुर्चीतच पडला. टाकत राहिले. तिच्या कळा चालल्या होत्या आणि मी बसत होते, उठत होते, बसत होते.

मग बाळ रडलं. मागच्या सगळ्यांनी टोप्या काढल्या.

"अभिनंदन, मिसेस तावडे," हॉलक्रॉफ्ट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऋजुता स्वतः आली. ओढलेला चेहरा, कुशीत दुपटं. तिच्यामागे आमचे हे, अजून अनवाणी. रेघेपाशी येऊन तिनं बाळ पुढे केलं.

"घे ना, आई. नात झाली तुला."

काय सांगू, हात असे शिवशिवले! केवढंसं नाक, आणि कपाळ थेट माझ्या आईचं. मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको, ऋजू. मागे घे तिला. हे लोक तिच्यावर टपलेत."

"कोण लोक? तुझ्यामागे तर कुणीच नाही."

"मागे घे म्हणते ना!"

"मुलगी झाली म्हणून हात लावत नाहीस?"

"अगं, नाही गं बाई! तुझी शपथ, नाही!"

"मग घे," ती म्हणाली, आणि आणखी वाकली. पाठीमागे माझी मनगटं कुणीतरी अगदी अदबीनं धरली. माझ्या काखांखालून लेसच्या बाह्यांतले दोन हात पुढे गेले.

"बघ आई," ऋजुता म्हणाली, "तुझ्याकडे यायला बघतेय."

बाळानं मूठ उघडली, आणि सर अँब्रोजचं बोट घट्ट धरलं.