चिंधाचे वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. वर कडी, खाली आकडा आणि मध्ये घड्याळासारखी तबकडी, एवढेच माझे रूप. पण मित्रांनो, कांदे-बटाटे तोलणे माझ्या नशिबी नव्हते. मी तान्ही मुले तोलली.

धुळ्याच्या प्रमिलाबाईंनी मला विकत घेतले. घरात आधी कोण जेवते, दूध कुणाच्या वाट्याला येते, याचा त्या अभ्यास करीत होत्या. १९८६ साली सोनगीरजवळच्या एका खेड्यात त्यांनी मला निंबाच्या फांदीला टांगले आणि मग दर महिन्याला त्या मला घेऊन येऊ लागल्या. खालच्या आकड्याला अडकवलेल्या झोळीत पोर ठेवले आणि काटा फिरला की बायका हरखून जायच्या. मीही फुशारून जायचो.

भिकुबाईच्या घरी जुळी नातवंडे होती. मुलगा चिंधा, मुलगी कुंदा. नजर लागू नये म्हणूनच मुलाचे नाव असे ठेवलेले. भिकुबाई त्याला तळहाताच्या फोडासारखे जपायची.

"आम्ही दोन्हीसले सारखंच देतस," ती प्रमिलाबाईंना सांगायची. पण माझ्या झोळीत यायची एकटी कुंदा.

"आणि चिंधा?" प्रमिलाबाईंनी विचारले.

"त्याले नका टांगू, बाई. पोऱ्याले जोखं ते नजर लागस."

"मग कुंदाला नाही लागत?"

"पोरीले कसानी नजर!" भिकुबाई हसली.

कुंदा फार हलकी भरली. म्हणूनच तिला सुकडी मिळाली, औषध मिळाले आणि ती हळूहळू सावरली. चिंधाला मात्र लाडाने पाजलेले बाटलीचे दूध बाधले. जुलाब थांबेनात. दात येताहेत, असे आजी म्हणत राहिली. कानटोपी आणि दुपट्याच्या आत ते लेकरू वाळत चालले होते, पण कुणाला दिसणार? माझी त्याची एकदाही भेट झाली नव्हती.

शेवटी एका वजनाच्या दिवशी त्याची आई सुंदरबाई सासूला न विचारता त्याला घेऊन निंबाखाली धावत आली. तिने स्वतःच्या हाताने दुपटे सोडले आणि त्याला झोळीत ठेवले. काटा कुंदाच्या वजनाच्या कितीतरी अलीकडे थांबला. प्रमिलाबाईंनी त्याला तसेच जीपमध्ये घेतले, पण धुळे यायच्या आतच तो गेला.

काट्याने पोर खाल्ले, असे गाव म्हणू लागले. ते मला फार लागले. पुढच्या महिन्यात निंबाखाली कुणी फिरकले नाही. प्रमिलाबाई मला घेऊन भिकुबाईच्या दारात गेल्या. कुंदाचे गाल पुन्हा बसले होते. आम्हाला पाहताच म्हातारीने तिला पदराखाली ओढले.

"आते हाई एकच ऱ्हायनी, बाई. इले नका जोखू."

सुंदरबाई मान खाली घालून उभी होती. आम्ही परत फिरलो.

आता मी एका कपाटावर गंजत पडलो आहे. मित्रांनो, मला तेल-पाणी करा, असे मी म्हणत नाही. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला झाकून ठेवू नका. कुंदाचे पुढे काय झाले, हे मला कधीच कळले नाही. मला तिला आणखी एकदा तोलायचे होते.