डाव्या हातासाठी पिस्तूल

डेल्मर ब्रॅनमच्या दुकानात पिस्तूल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तासभर तरी काउंटरला चिकटून बसे. अंगावर लपवून रोज वागवायची वस्तू ती. नव्या बुटासारखी, चावते की नाही हे घालून बघितल्याशिवाय कळत नाही. माणसं नाना शंका काढत. गाडीत बसलं की नळी मांडीत रुतेल का, सदऱ्याखाली फुगवटा दिसेल का, घामानं गंज चढेल का. पोट सुटलेले पुरुष जरा आवाज खाली आणून विचारत, "आमच्यासारख्यांनी खोचायचं कुठं?" बायका विचारत, चर्चला झगा घालून जायचं असेल तेव्हा काय करायचं. डेल्मर सगळ्यांना एकच सांगे, "जड झालं म्हणून घरी ठेवून याल असलं घेऊ नका. घरी राहिलेलं पिस्तूल चोराच्या कामाचं."

डेल्मर त्रेसष्ट वर्षांचा. तीस वर्षं पाइपांच्या कारखान्यात वेल्डिंग केलं, गुडघे गेले, तेव्हा अमेरिकेच्या अर्कान्सा राज्यातल्या ओझार्कच्या डोंगरात, आपल्याच गावाबाहेरच्या रस्त्यावर त्यानं हे दुकान टाकलं. अर्ध्या भागात त्याची हत्यारं आणि उरलेल्या अर्ध्यात बायको ओनिताचे मासेमारीचे गळ, दोऱ्या आणि जिवंत गांडुळांचे डबे.

सहा वर्षांपूर्वी एक दिवस वेंडेल पिकर आला होता. गुरांच्या खाद्याच्या गिरणीत कामाला, डेल्मरच्या बरोबर शाळेत शिकलेला. त्याची बायको वर्षापूर्वी गेली होती. "रोज जवळ ठेवायला एखादं दे. कुठलंही दे," म्हणाला. कसली शंका नाही की घासाघीस नाही. कमरेला अडकवायचं कव्हर दाखवायला गेलं तर म्हणाला, "ते नको." अकरा मिनिटांत काम आटोपून गेला. तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबा दुकानात आले, टोपी काढून उभे राहिले, आणि वेंडेलला कधी पुरणार ते सांगून गेले.

तेव्हापासून डेल्मर गिऱ्हाइकाच्या हातापेक्षा तोंडाकडे जास्त बघायला लागला. ज्याला पिस्तूल वागवायचंय तो प्रश्न विचारतो. ज्याला एकदाच लागणार आहे तो विचारत नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्याला त्यानं असंच नाही म्हटलं. तो आईवरून शिव्या घालत गेला. सहा महिन्यांनी परत आला, काही न बोलता काउंटरवर कॉफी प्यायला, आणि जाताना डेल्मरचा हात बराच वेळ धरून उभा राहिला. त्या हस्तांदोलनानं डेल्मरला आपल्या पारखीबद्दल फार खात्री वाटू लागली होती.

मग जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी लेनोरा टॅकेट आली.

शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करायची. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं शेलाटी. चर्चच्या जेवणात तळलेला मासा वाढताना डेल्मरनं तिला कितीदा पाहिलं होतं. उन्हाळी वर्गाच्या मुलांचं जेवण करायला ती निघाली होती, केसांवर जाळी तशीच.

"मिस लेनोरा, आज इकडे कुठं?"

"पिस्तूल हवंय. लहानसं. पर्समध्ये मावेल असं."

"पर्समध्ये नका ठेवू. पर्स हिसकावली की पिस्तूलही त्याचंच झालं. कमरेला लावायचं बघू या."

"बरं. मग दुसरं कुठलंही द्या."

डेल्मरनं तीन पिस्तुलं काढून काउंटरवरच्या फेल्टच्या कापडावर मांडली. तिनं हात लावला नाही.

"हातात तरी घेऊन बघा. मूठ बसायला हवी."

तिनं सगळ्यात जवळचं उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "हे द्या."

"चाप ओढून बघा. रिकामं आहे."

"कशाला? चालतं ना ते?"

 डेल्मरनं तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे सुजलेले, तोंड ओढलेलं. "कुणाची भीती आहे का, मिस लेनोरा?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "नाही."

"घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे."

"मग असं करा, शनिवारी या. मागं मैदान आहे माझं. सगळी झाडून बघा आणि मग ठरवा."

"तेवढा वेळ नाही."

डेल्मरनं तिन्ही पिस्तुलं पेटीत ठेवली आणि किल्ली फिरवली. "आज मी तुम्हाला देणार नाही. राग मानू नका. ओनिता कॉफी टाकतेय, जरा बसा. आणि हे कार्ड ठेवा. या नंबरवर चोवीस तास बोलायला माणूस असतो."

लेनोरानं कार्ड वाचलं. "तुम्हाला वाटतंय की मी..." एवढं म्हणून ती थांबली. "नाही हो, तसलं काही नाही" असं ती म्हणेल म्हणून डेल्मर वाट बघत राहिला. ती तसं म्हणाली नाही. कार्ड तिनं काउंटरवर सरळ ठेवलं. "दुसरं दुकान चाळीस मैलांवर आहे, मिस्टर डेल्मर. आणि साडेदहाला माझे बटाटे चढायला लागतात." आणि ती गेली.

"एक जीव वाचला," डेल्मर ओनिताला म्हणाला.

ओनिता गांडुळांच्या डब्यांवर ओली माती घालत होती. "तिनं नाही म्हटलं नाही का?"

"नाही म्हटलं नाही, म्हणूनच तर."

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता लेनोरा शाळेतून निघून आपल्या गाडीपाशी पोचली, तर गाडीच्या आडोशाला तिचा वेगळा राहणारा नवरा, रॉइस टॅकेट, उकिडवा बसलेला होता. त्याच्या हातात चाकाचे नट काढायचा पाना होता. तिनं डोक्यावर उजवा हात घेतला म्हणून डोकं वाचलं. हाताचा कोपराखाली दोन जागी चुरा झाला. ती खाली पडल्यावर त्यानं तिचा पंजा सिमेंटवर ठेवून ठेचला. खिडकीतून दोन शिक्षिका ओरडल्या तेव्हा तो सावकाश चालत निघून गेला. संध्याकाळी पकडला, आणि अकराव्या दिवशी जामिनावर सुटला. तिच्याजवळ येऊ नये असा कोर्टाचा हुकूम त्याच्यावर महिनाभरापासून होता. मंगळवारी ती दुकानात आली तेव्हा तो कागद तिच्या पर्समध्येच होता.

हे ओनितानं केस कापायच्या दुकानात ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. डेल्मर रात्री जेवला नाही.

"शाळेत पिस्तूल नेताच येत नाही," ओनिता म्हणाली. "तू दिलं असतंस तरी तिच्याजवळ नसतं. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

हे एक वाक्य त्यानं पुढचे चार महिने उराशी धरून ठेवलं. दवाखान्यात भेटायला जायचं म्हणून दोनदा गाडी काढली आणि दोन्ही वेळा पुलावरून परत वळवली. ओनिता मात्र एकदा मक्याची भाकरी आणि चवळीची उसळ घेऊन जाऊन आली. "काही बोलली?" डेल्मरनं विचारलं. "चवळी छान झालीय म्हणाली," ओनिता म्हणाली. आणखी काही तिनं सांगितलं नाही.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला आणि दुकानात गर्दी उसळली. गर्दी ओसरल्यावर एका दुपारी दार ढकलून लेनोरा आत आली. दार तिनं खांद्यानं ढकललं होतं. उजवी बाही कोपरापासून सैल लोंबत होती, आणि तिच्यातून बाहेर आलेल्या पंजाची तीन बोटं वाकत नव्हती.

डेल्मर उठून उभा राहिला. 

"आता तरी देता का?" ती म्हणाली. "की आजही कार्डच?"

"मिस लेनोरा, माझं चुकलं."

"बसा. तुमचे गुडघे दुखतात म्हणून ओनिता सांगत होती."

तो बसला. "शाळेत नेता आलं नसतं," तो हळूच म्हणाला. म्हणायचं नव्हतं, पण चार महिन्यांची सवय होती.

"गाडीत ठेवलं असतं ना. तो गाडीपाशीच बसला होता." तिच्या आवाजात राग नव्हता. "म्हणजे माझा हात गाडीच्या दारापर्यंत पोचला असता की नाही, देव जाणे."

"त्या दिवशी मी विचारलं होतं, कुणाची भीती आहे का. तुम्ही नाही म्हणालात."

"त्याच्याआधी तिघांना सांगून झालं होतं. पाद्रीबाबांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवून प्रार्थना करायला लावली. पोलिसाला सांगितलं, तर तो रॉइसच्या बोटीवर मासे मारायला जाणारा निघाला. माझा सख्खा भाऊ म्हणाला, तूच काहीतरी बोलली असशील. चौथ्याला सांगायला तोंड उरलं नव्हतं माझं." ती स्टुलावर बसली. "आणि तुम्ही ओळखलंत ते सगळंच काही चूक नव्हतं. ते त्याच्यासाठी हवंय की माझ्यासाठी, हे माझं मलाच ठरत नव्हतं त्या दिवशी. आधी हातात तर येऊ दे, मग बघू, असं चाललं होतं."



"आणि आज?" डेल्मरनं विचारलं.

"आज त्याच्यापेक्षा एक दिवस जास्त जगायचंय. त्यापुढचं काही ठरवलं नाही. हे उत्तर चालत असेल तर दाखवा. नसेल तर मी चाळीस मैल जाईन, आता मला बटाटे चढवायचे नसतात."

त्या हातानं मोठी पातेली उचलत नव्हती, म्हणून शाळेनं तिला घरी बसवलं होतं. ती मावशीकडे राहत होती, गावापासून चौदा मैल आत.

 डेल्मरनं पेटी उघडली.

आज तिनं सगळं विचारलं. हलकी, चपटी पिस्तुलं एकामागून एक बाद झाली, कारण वरचा भाग मागं ओढून पहिली गोळी भरायला दोन हात लागतात. डेल्मरनं बुटाच्या टाचेला अडकवून ते एका हातानं कसं करायचं ते दाखवलं. तिनं करून बघितलं. पिस्तूल निसटून जमिनीवर पडलं. "तो मला टाच शोधायला वेळ देईल का?" ती म्हणाली. मग त्यानं आतून एक जुनं काढलं, ज्याची नळी खटका दाबला की मागून वर उचलली जायची आणि गोळी सरळ आत ठेवता यायची. ते तिच्या हाताला बसलं, पण डावा अंगठा खटक्यापर्यंत पोचत नव्हता. शेवटी पाच गोळ्यांची आखूड नळीची रिव्हॉल्व्हर. वजनाच्या तक्रारीमुळे दोन वर्षं कुणी न नेलेली, अस्सल पोलादाची.

"हिचा चाप जड आहे," डेल्मर म्हणाला. "पण वजन आहे म्हणून धक्का कमी बसतो. आणि हिला दुसरा हात लागत नाही. चाप ओढला की उडते, एवढंच."

तिनं डाव्या हातानं चाप ओढला. नळी थरथरत बाजूला गेली. पुन्हा ओढला, पुन्हा गेली. सतरा वेळा ओढला तेव्हा कुठं नळी जागेवर राहिली. ओठावर घामाचे थेंब आले होते.

"परत भरायची कशी?"

"उजव्या काखेत दाबून धरा. नळी खाली, बोट चापापासून लांब. असं."

"पाचात काम झालं नाही तर काखेत धरायला तरी मी कुठली उरते," असं म्हणून ती जराशी हसली. ओनिताही हसली आणि लगेच तोंड फिरवून गळ मोजू लागली.

कव्हर डाव्या कमरेचं घेतलं. ते लावून ती तीनदा वाकली, उठली, गाडीत बसल्यासारखी वळली, स्वेटर खाली ओढून आरशात बघितलं. फॉर्म डाव्या हातानं भरताना तिला पाऊण तास लागला. डेल्मरनं भरून देऊ का म्हणून विचारलं नाही. कायद्यात ते बसत नव्हतं. सरकारी तपासणीचं उत्तर आलं तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं.

"दर बुधवारी या," तो म्हणाला. "मागच्या मैदानावर. गोळ्या माझ्या."

ती आली. सात बुधवार आली. कागदी माणसाच्या छातीवर आधी तिच्या गोळ्या लागतच नसत, मग कडेला लागू लागल्या, मग आत. बोलणं फारसं होत नसे. खटला एकदा पुढं ढकलला होता, मग दुसऱ्यांदा ढकलला. रॉइस आपल्या आईकडे राहत होता आणि रविवारी चर्चला जात होता. पाद्रीबाबा त्याच्यासाठी प्रार्थना करत.

आठव्या बुधवारी ती आली नाही.

डेल्मरनं अकरापर्यंत वाट बघितली. फोन लावला, वाजत राहिला. "तू दुकान बघ," तो ओनिताला म्हणाला, आणि ट्रक काढला. चौदा मैल. पुलावरून या वेळी वळला नाही. कच्च्या रस्त्यावर दोन चित्रं त्याच्यापुढं आळीपाळीनं येत राहिली. एकात रॉइसची गाडी दारात उभी होती. दुसऱ्यात कुणाचीच नव्हती, आणि ते दुसरं जास्त वाईट होतं, कारण त्यातली वस्तू त्यानंच फेल्टवरून उचलून दिली होती.

मावशीचं घर दिसलं. ओसरीच्या पायरीवर लेनोरा बसली होती. गुडघ्यांत पातेलं धरून डाव्या हातानं अक्रोडासारखे पेकन फोडत होती. स्वेटर कमरेशी किंचित फुगलेला. डेल्मरनं ट्रक थांबवला, पण त्याला लगेच उतरता येईना.

तीच उठून आली. "गाडी सुरू होत नाहीये. बॅटरी गेली बहुतेक. फोन आत राहिला." मग तिनं त्याचं तोंड नीट पाहिलं. "दोन्हीतलं काय वाटलं तुम्हाला?"

डेल्मर ट्रकमधून खाली उतरला.

"मलाही कधी कधी वाटतं," ती म्हणाली. "दोन्ही. ज्या दिवशी फार वाटतं त्या दिवशी मी ती मावशीच्या कपाटात ठेवते आणि किल्ली तिच्याकडे देते. काल ठेवली होती. आज पहाटे तो फाटकापर्यंत येऊन गाडी वळवून गेला, म्हणून परत मागून घेतली."

"पोलिसांना कळवलं?"

"कळवलं. सार्वजनिक रस्ता आहे म्हणाले."

डेल्मरनं ट्रकमागून बॅटऱ्या जोडायच्या तारा काढल्या आणि तिच्या गाडीचं बॉनेट उघडलं. ती शेजारी उभी राहिली, पाठ त्याच्याकडे आणि तोंड रस्त्याकडे करून. गाडी दुसऱ्या फेरीला सुरू झाली. मावशी दारात आली आणि तिनं डेल्मरला जेवायला थांबायला सांगितलं. तो थांबला. जेवताना लेनोरा खिडकीसमोरच्या खुर्चीत बसली होती, आणि मधेच कुठली मोटार गेली की तिघांचेही हात थांबत होते.