गजेंद्रने घासलेला जोड

सुरतेतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात, लूमच्या पाठीमागे, तारेने बांधलेला एक गंजका लोखंडी ठोकळा लटकतो आहे. मित्रांनो, तोच मी. नाक मुरडू नका. तरुणपणी माझ्यात तोंड पाहून भांग पाडता आला असता.

मी खरे तर दोन तुकड्यांचा जोड आहे. एकाला खाच, दुसऱ्याला तशीच जीभ. एक दुसऱ्यात सरकवला की दोघांचा मिळून एकच ठोकळा दिसतो. आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकणाऱ्या गजेंद्रने मला कानशीने घासून घासून घडवले. त्याच्या बोटांची सालटी निघाली. शेवटी सरांनी मला खिडकीसमोर धरले, एक डोळा मिटून सांध्याकडे पाहिले आणि म्हणाले, "फटीतून उजेड येत नाही. पास!" आता आपले दोघांचे भले झाले, असे मला वाटले. किती भाबडा होतो मी!

डिंडोलीच्या घरी गजेंद्रच्या वडिलांनी, काशिनाथ आप्पांनी, मला गल्लीभर मिरवले. खानदेशातून आलेल्या या माणसाचा उभा जन्म लूमवर गेलेला. त्या खडखडाटाने कान बधिर झाले होते, म्हणून ते ओरडूनच बोलत. "मना आंडोर फिटर व्हई! लूमवर उभा ऱ्हावाव नही!" आपला मुलगा लूमवर उभा राहणार नाही, एवढीच त्यांची आयुष्याची मागणी होती. गजेंद्रच्या आईने, धुरपदाबाईंनी, मला देवांशेजारी ठेवून हळदकुंकू वाहिले. गजेंद्रने ते घाईघाईने पुसून, गंज चढू नये म्हणून मला तेल लावले.

मग आमची वणवण सुरू झाली. मी त्याच्या पँटच्या खिशात आणि तो सायकलवर. उधना, पांडेसरा, पार कामरेजपर्यंत. सगळीकडे एकच प्रश्न, "अनुभव आहे का?" तो म्हणायचा, "साहेब, हे मी केलंय, बघा तरी." एका साहेबांनी मला टेबलावर घेतले. माझा आनंद गगनात मावेना. पण पंख्याने त्यांचे कागद उडत होते, म्हणून त्यांनी मला कागदांवर ठेवले आणि गजेंद्रला बाहेर थांबायला सांगितले. संध्याकाळी शिपायाने मला त्याच्या हातात दिले. बस, एवढाच इंटरव्ह्यू! मला आजही त्या टेबलाचा राग येतो.

वर्ष उलटले. घरी गजेंद्र जेवताना मान खाली घालू लागला. भाजी दुसऱ्यांदा घेईना. आणि तेव्हा, १९९४ च्या सप्टेंबरमध्ये, पलसाण्याच्या एका डाइंगच्या, कापड रंगवण्याच्या, कारखान्यात एका म्हाताऱ्या फोरमनने मला ट्यूबलाइटसमोर धरले. कितीतरी वेळ धरले. "हात चांगला आहे तुझा. सोमवारी ये," तो म्हणाला. परत येताना गजेंद्र सायकलवर गात होता. फार बेसूर गात होता, पण मला गोड वाटले.

सोमवारच्या आधीच शहरात प्लेगची बातमी पसरली. लोक तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे धावले. धुरपदाबाईंनी गाठोडे बांधले. गजेंद्र म्हणाला, "तुम्ही जा. मना सोमवार शे." आई रडली, आप्पांनी मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते दोघेच गावी गेले.

सोमवारी आम्ही पलसाण्याला पोचलो तर गेटला कुलूप. काही दिवसांनी कारखाना उघडला, पण तो फोरमन त्याच्या मुलखातून परतलाच नाही. नव्या साहेबाने विचारले, "कोणी बोलावलं होतं? मग त्यालाच भेट."

घरातला डबा रिकामा होत आला होता. नेमका तेव्हा आप्पांच्या लूमचा शेठ दारात आला. माणसे पळालेली, लूम बंद पडलेले. "तारा बापुजी आवे त्यां सुधी चलाव," तो म्हणाला. वडील येईपर्यंतच तर चालवायचे, असे म्हणून गजेंद्र गेला. लहानपणापासून आप्पांना डबा द्यायला जाऊन त्याला ते काम येतच होते. एका लूमचे धागे सैल पडत होते, ते ताणून धरणारे एक वजन कुठेतरी गेले होते. गजेंद्रने खिशात हात घातला, क्षणभर थांबला आणि मला तारेने तिथे बांधले. मी म्हटले, चार दिवसांचा प्रश्न आहे.

लूम बिघडला तर तो मिस्त्रीची वाट पाहत बसेना, स्वतःच दुरुस्त करी. फिटरचे सगळे शिक्षण शेठला फुकटात मिळाले.

दिवाळीनंतर आप्पा परतले आणि सरळ कामावर आले. शेठ गोड हसून त्यांच्या कानाशी ओरडला, "काका, हवे आराम करो. छोकरो सारू चलावे छे." आता आराम करा, पोरगा चांगला चालवतो, हे आप्पांना ऐकू आले. त्यांनी गजेंद्रकडे पाहिले. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे? घरात दोघांपैकी एकालाच काम होते आणि ते मुलाला लागले होते.

आप्पा हळूहळू लूमच्या मागे आले. त्यांनी मला ओळखले. ते माझी तार सोडू लागले.

"ऱ्हाऊ द्या आप्पा," गजेंद्र खाली बघत म्हणाला, "कापड बिघडी जाई."

आप्पांनी हात काढून घेतला. ते घरी गेले आणि पुन्हा त्या कारखान्यात आले नाहीत.

आज आम्ही दोन्ही तुकडे गंजून एकमेकांना असे चिकटलो आहोत की हातोडीनेही सुटणार नाही. मला तेल लावा, पुसून ठेवा, असे मी मागत नाही. मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठेपणी टेबलामागच्या खुर्चीत बसतील. एखादा मुलगा खिशातून असा तुकडा काढून तुमच्यापुढे ठेवील. कागद उडत असतील तर उडू द्या. तो तुकडा उचला आणि एकदा तरी उजेडासमोर धरा.