एका रात्रीची वस्ती

आंबेखोल हे गाव आता नकाशात सापडायचं नाही. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानासाठी ते उठवलं, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. गावाची चाळीस-एक घरं वारणानगरच्या अलीकडे एका वसाहतीत आणून मांडली. माणसं आली, गुरं आली, भांडीकुंडी आली. जुगाई तेवढी आली नाही. देवीला हलवायचं तर कौल घ्यावा लागतो, आणि तीनदा कौल लावूनही तिनं उजवा दिला नाही. सरकारचं मुकाट्यानं ऐकायला ती काय आंबेखोलची रयत थोडीच होती.

म्हणून चैत्रात वर्षातून एक दिवस गाव तिच्याकडे जातं. सकाळी नाक्यावर नावं लिहायची, चार वाजायच्या आत परत फिरायचं. यात्रा होते, नैवेद्य होतो, पण एक गोष्ट पंचवीस वर्षांत झालेली नव्हती. पूर्वी यात्रेच्या रात्री जुगाईची पालखी देवळातून निघून वरच्या माळावर जायची आणि तिथं उघड्यावर रात्रभर वस्ती करायची. अख्खं गाव तिच्याभोवती घोंगडी टाकून झोपायचं, आणि उजाडायच्या आत देवी पुन्हा देवळात. देवी वर्षातून एक रात्र आपल्यात राहते, एवढीच त्यामागची गोष्ट. आता पालखी भर उन्हात माळावर नेऊन तासाभरात खाली आणत. आकारामला ते बघवत नसे. पाव्हण्याला ताटावरनं उठवल्यागत वाटतं, असं तो म्हणायचा.

आकाराम पालखीचा पुढच्या खांद्याचा मानकरी. शाळा नावापुरती, सहीपुरतं अक्षर, पण माणूस चिवट. देवीला एक रात्र मिळावी म्हणून त्यानं पहिला अर्ज केला, तेव्हा त्याची लेक पूर्णिमा सहावीत होती. अर्ज तिनंच लिहिला. बाप सांगत गेला तसं लिहिलं, "माळावर एक रात्र वस्ती करण्यास परवानगी मिळावी." आठ महिन्यांनी उत्तर आलं की, उद्यानाच्या हद्दीत नवीन वस्ती वसवण्यास परवानगी देता येत नाही. साहेबाला वाटलं, उठवलेली माणसं पुन्हा घरं बांधायला निघाली. वसाहतीत त्या उत्तरावर महिनाभर लोक हसत होते. आकाराम मात्र हसला नाही. पुढच्या अर्जात पूर्णिमेनं 'वस्ती' खोडून 'मुक्काम' लिहिलं आणि बापाला समजावलं, आबा, सरकारला आपली भाषा कळत नाही, त्यांचीच वापरायची.

त्यानंतर वीस वर्षं तेच चाललं. पोरीचं शिक्षण झालं, ती बी.ए. झाली, लग्न होऊन कोल्हापूरला गेली, पण अर्ज लिहायला माहेरी यायचीच. आकारामला वाचता यायचं नाही, पण तिचं अक्षर तो लांबून ओळखायचा. 'ज'ची शेपटी ती खाली ओढून डावीकडं वळवायची. जुगाईचा ज असाच पाहिजे, असं तो चारचौघांत सांगायचा.

जावई अमरसिंह गारगोटीकडचा. बोलायला गोड, पायाला भिंगरी. आधी पाण्याच्या बाटल्यांचा धंदा केला, मग छतावरचे सोलर बसवले, मग कोणाच्या तरी भागीदारीत हॉटेल काढलं. एकही धंदा दोन वर्षांवर टिकला नाही. आकारामचा जोडीदार पिराजी म्हणायचा, जावई म्हणजे दशमग्रह, त्याला शांत करायचा होम अजून निघालेला नाही. आकाराम ते हसण्यावारी न्यायचा.

गेल्या गणपतीनंतर अमरसिंह गाडी घेऊन वसाहतीत आला. चहा घेता घेता सहज म्हणाला, "मामा, मुक्कामाचं जमतंय बघा. वरनं हिरवा कंदील हाय. फक्त जागा ठरवायची राहिलीया, आन् ती तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाय."

माणसाला जे ऐकायचं असतं ते त्याला बरोबर ऐकू येतं. आकारामला वाटलं, वीस वर्षांच्या अर्जांना फळ आलं. कोणाचा मुक्काम, कशासाठी, हे विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. मुक्काम म्हणजे जुगाईचा, दुसरा कोणाचा असणार?

दोन दिवसांनी ते डोंगरात गेले. बरोबर अमरसिंहानं नव्यानं काढलेल्या संस्थेची पुण्याहून आलेली एक आर्किटेक्ट बाई होती आणि मोजणीवाला एक जण. आकाराम म्हणाला, जागा ठरलेलीच आहे, पालखीचा माळ. पण अमरसिंह म्हणाला, तीन जागा दाखवाव्या लागतात मामा, त्यातली एक पसंत करायची, अशी रीत असते. आकारामनं मान डोलावली. सरकारी रीत त्याच्या अंगवळणी पडली होती.

पहिली जागा नदीकाठची. वाळू, सपाटी, समोर पाणी. बाई तर बघताच खूश झाल्या. आकाराम म्हणाला, इथं झोपणारा एक दिवस वाहून जाईल. वर डोंगरात पाऊस झाला की इथं ऊन असतानाच पाणी चढतं. शिवाय ही गव्यांची पाण्यावर यायची वाट, आणि गवा काही वाट सोडून जात नाही. दुसरी जागा खिंडीतली. तिथून खालचं सगळं खोरं दिसतं, पण वारा रात्रभर माणसाला पालथा-उताणा करतो आणि पाणी आणायचं तर अर्धा डोंगर उतरायचा. तिथंच एक वठलेला अंजन उभा होता. वठलेल्या झाडाखाली पाठ टेकू नये, त्याची फांदी वाऱ्याची वाट बघत नाही, हेही त्यानं सांगितलं. मोजणीवाला सगळं मोबाईलमध्ये टिपून घेत होता. आपलं बोलणं कोणी लिहून घेतंय, हे आकारामनं जन्मात पहिल्यांदा बघितलं.

मग तो त्यांना माळावर घेऊन गेला. पश्चिमेला कारवीची दाट भिंत, म्हणून वारा नाही. जमिनीला हाताच्या तळव्याइतकाच उतार, म्हणून पाणी साचत नाही. मोठी झाडं कडेला, मधे मोकळं. बाई म्हणाल्या, जागा अप्रतिम आहे, पण पाण्याचं काय? अमरसिंहानं आकारामकडं बघितलं.

पाणी होतं. माळाच्या मागं कातळात झरा होता, आणि त्याच्या तोंडावर गावानं एक शिळा बसवलेली होती. ती वर्षातून एकदाच, देवीच्या वस्तीच्या रात्री काढायची आणि पहाटे परत लावायची. बाहेरच्या माणसाला तो झरा दाखवायचा नाही, असा गावाचा नेम होता. सर्व्हे करणारे आले, गाव उठवणारे आले, त्यांनाही कोणी दाखवला नव्हता. आकाराम क्षणभर थांबला. पण देवीची वस्ती पाण्यावाचून अडायला नको, असा विचार त्यानं केला, कातळाला हात लावून नमस्कार केला आणि शिळा बाजूला सरकवली. भाद्रपदाचं गार पाणी बघून मोजणीवाल्यानं ओंजळ भरली.

बाई नंतर संडासांच्या जागा मोजायला लागल्या. आकारामला नवल वाटलं. एका रात्रीला एवढं कशाला? अमरसिंह म्हणाला, माणसं येणार म्हणजे सोय नको का मामा? आकारामला ते पटलं. सरकारला उशिरा का होईना, माणसांची कदर आली म्हणायची.

दिवाळीला पूर्णिमा माहेरी आली, ती कागद घेऊनच. गावानं आता एक पत्र द्यायचं होतं. तिनं ते स्वतःच्या हातानं लिहून आणलं होतं. चुलीपुढं बसून बापाला वाचून दाखवलं. आंबेखोलची जुगाईदेवी दरवर्षी चैत्रात पालखीच्या माळावर एक रात्र मुक्काम करील, गावकरी सोबत राहतील, झऱ्याचं पाणी देवीसाठी वापरलं जाईल, आणि त्याला आम्हा सर्वांची संमती आहे. आकारामनं ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या खेपेला त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. पूर्णिमा कागदाची घडी घालत म्हणाली, "ह्यांचं यंदा तरी मार्गी लागू दे आबा." त्याला वाटलं, जावयानं एवढी धावपळ केली, त्याचंही पुण्य त्याला लागावं, असं ती म्हणतेय.

सह्या आकारामनं गोळा केल्या. अर्जाचा कागद वेगळा आणि सह्यांचा वेगळा, ही वसाहतीची वीस वर्षांची पद्धत. नाहीतर शाई सांडून अर्ज खराब होतो. सह्यांच्या कागदावर नुसते आकडे घातलेले. एक नंबरला त्याची स्वतःची सही, दोनला पिराजीची. पत्रात काय आहे, असं कोणी विचारलं नाही. आकाराम सांगतोय ना, मग झालं. कुणाकुणाच्या घरात तर त्याला गूळ-पाणी दिलं. एक्केचाळीस सह्या झाल्या.

चैत्र आला. मुक्काम मंजूर झाल्याचं जावयानं फोनवर कळवलं होतं. दोन टेम्पो भरून गाव निघालं, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा टेम्पोत घोंगडी होती.

देवळात पूजा झाली. दुपारी पालखी उठली, पुढच्या खांद्याला आकाराम. चढ चढून ते माळाच्या तोंडाशी आले तर बांबूचं कुंपण. आत बारा तंबू रांगेनं उभे, मधे लाकडी फळ्यांची वाट, कातळापाशी नळ. झऱ्यावरची शिळा काढून तिचं बाकडं केलं होतं आणि त्यावर टोपीवाली एक मुलगी पाय हलवत बसली होती. कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसानं नम्रपणे सांगितलं, गेस्ट आहेत, पालखी आत नेता येणार नाही, खालीच काय ते करा आणि चारच्या आत उतरा.

पिराजी भडकला. आमच्या देवीची जागा हाय, आज तिची वस्ती हाय, परवानगी हाय आमच्याकडं, असं तो तावातावानं सांगायला लागला. त्या माणसानं तंबूतून एक फाईल आणली. पत्राची झेरॉक्स होती. पिराजीची सून संयोगिता अंगणवाडीत शिकवते. कागद तिच्या हातात दिला. आकाराम तिच्या खांद्यावरून बघत होता. 'ज'ची शेपटी खाली येऊन डावीकडं वळलेली त्याला स्पष्ट दिसली, आणि त्याला बरं वाटलं. आता सगळं उलगडेल, असं तो म्हणालासुद्धा.

संयोगितानं मोठ्यानं वाचलं. "जुगाई देवीच्या पालखीच्या माळावरील आमचा परंपरागत हक्क आम्ही स्वखुशीने सोडत असून, तेथे पर्यटकांच्या मुक्कामासाठी निवासतळ उभारण्यास आमची हरकत नाही. तेथील झऱ्याचे पाणी बारमाही वापरण्यासही आमची संमती आहे." मागच्या पानावर सह्या होत्या. तिनं पहिलं नाव वाचलं आणि पुढची वाचली नाहीत.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर आकारामला बरं वाटलं असतं. पालखी वळली. तो आपल्या खांद्याच्या जागी जायला लागला, तर तिथं पिराजीचा थोरला मुलगा आधीच उभा होता आणि समोर बघत होता. आकाराम पालखीच्या मागून, बायकांच्याही मागून, उतार उतरला. पायाखालची एकेक वाट त्याला ठाऊक होती, तरी दोनदा पाय घसरला.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जावयाचा त्याला राग आला नव्हता. जावई परका, त्यानं धंदा बघितला. पण लिहिलं तर पूर्णिमेनं होतं. समोर तो कागद धरून, त्यात नसलेलं तिनं वाचलं होतं. एकदा नाही, दोनदा. तिच्यावर जबरदस्ती झाली असेल. वाचताना घाबरली असेल. मग आठवलं की तिचा आवाज एकदाही कापला नव्हता. त्याच आवाजात तर तिनं त्याला वीस वर्षं सगळं जग वाचून दाखवलं होतं. सातबारा, डॉक्टरची चिठ्ठी, तिच्या आईच्या मरणाचा दाखला. त्यातलं खरं काय होतं, हे आता कोणाला विचारायचं?

नाक्यावर रेंज येते. टेम्पोत माणसं चढत होती. आकाराम चाकापाशी दगडावर बसला आणि लेकीला फोन लावला. शेजारच्या दगडावर पिराजी बसून होता. टेम्पोत चढायला गेला नव्हता. पन्नास वर्षांची संगत अशी लगेच उठून जात नाही.

"पूर्णे," आकाराम म्हणाला, "त्या दिवाळीच्या पत्रात काय लिवलं हुतंस, तेवढं परत सांग. हितं लोक इचारत्यात."

त्यानं मुद्दाम तसं विचारलं. तिला वाट मोकळी करून दिली. आबा, चुकलं माझं, एवढं म्हणाली असती तरी त्यानं सगळं पोटात घातलं असतं.

"मोबाईलमधी फोटो हाय आबा. थांबा, वाचती," ती म्हणाली.

आणि तिनं वाचलं. आंबेखोलची जुगाईदेवी दरवर्षी चैत्रात पालखीच्या माळावर एक रात्र मुक्काम करील. गावकरी सोबत राहतील. झऱ्याचं पाणी देवीसाठी वापरलं जाईल. सावकाश, बापाला समजेल असं, जिथं थांबायचं तिथं थांबत. आकारामनं शेवटपर्यंत ऐकलं. बरं, म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

"काय म्हणती?" पिराजीनं विचारलं. त्याच्या आवाजात अजून माफीला जागा होती. आकारामनं फक्त खरं सांगायचं होतं. पिराजीनं टेम्पोतल्या सगळ्यांना खाली उतरवून ते ऐकवलं असतं, आणि पुढच्या चैत्रात आकारामचा खांदा त्याला परत मिळाला असता. पूर्णिमेला मात्र या माणसांत पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं.

"तिनं बरोबरच वाचून दाखवलं हुतं मला," आकाराम म्हणाला. "समदं ठाऊक हुतं मला. मीच तुमास्नी सांगितलं न्हाय."

पिराजी उठला, धोतराची धूळ झटकली आणि दुसऱ्या टेम्पोत जाऊन बसला.